सोमाजी पेंटर आणि भिंतीवरची पेशी

ट्रकच्या मागे रेडियमचे स्टिकर चिकटवायला लागण्याआधीची गोष्ट. तेव्हा सगळं ब्रशने लिहायचे. आळेफाट्याला नाशिक रोडच्या कडेला, दोन गॅरेजच्या मध्ये पत्र्याची एक टपरी होती आणि तिथे सोमाजी पेंटर बसायचा. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांपैकी निम्म्यांच्या पाठीवर त्याचं अक्षर असायचं. गुलाबाची फुलं, मोरपिसं, मालकाच्या मुलांची नावं आणि खाली कोपऱ्यात बारीक ‘सोमाजी, आळेफाटा’.

त्याचा डावा डोळा शेजारच्या गॅरेजमधल्या वेल्डिंगच्या ठिणगीने गेला होता. त्यावर कोणी हळहळलं की तो म्हणायचा, “आरं, नेम धरताना लोकं एक डोळा मिटत्यात. माझा कायमचा मिटलाय. मेहनत वाचली.”

त्याच्या धंद्याचे दोन नियम होते. पहिला, पाहिल्याशिवाय रंगवायचं नाही. जुन्नर भागात बिबट्यांनी धुमाकूळ घातला त्या साली त्याला सावधगिरीचे बोर्ड रंगवायचं काम मिळालं. हा गडी पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या बघायला दोन एस्ट्या बदलून गेला, तासभर पिंजऱ्यासमोर बसला आणि मग ब्रश हातात घेतला. “कानामागं पांढरा ठिपका असतो त्याला. कॅलेंडरवाल्यांना ठाऊक न्हाई,” असं वर सांगायचा. दुसरा नियम, जिथे जागा रिकामी दिसेल तिथे नाव टाकायचं. रिकामा पत्रा म्हणजे वाया गेलेला पत्रा. गिऱ्हाईक खूश, पेंटर खूश.

या दोन नियमांची एकदा टक्कर झाली आणि त्यात मी सापडलो. म्हणून हे लिहितोय. मी या माणसाचं देणं लागतो आणि ते मी तोंडावर कधी बोललो नाही.

माझी शाळा आठवीतून सुटली होती. पुढे मोर्चे, निवेदनं, धरणे आंदोलनं यांतच शिकलो. महाळुंगे पडवळपासून जुन्नरपर्यंत कोणाचं रेशनकार्ड अडलं, कोणाची पेन्शन अडली, की अर्ज माझ्या हातचा. तहसीलदाराला कलम तोंडपाठ सांगणारा मी, पण अर्जात ‘शिक्षण’ असा रकाना आला की माझं पेन अडायचं. पस्तिशीला आल्यावर ठरवलं की दहावी द्यायची. बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. २००२ साल चालू होतं. भाषा, इतिहास, नागरिकशास्त्र यांची भीती नव्हती. नागरिकशास्त्र तर मी जगलोच होतो. भीती होती विज्ञानाची.

आमच्या गावच्या शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, हेडमास्तर अजून हयात आहेत. त्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती. ती मिळावी म्हणून मी दोन वर्षं भांडलो. प्रयोगशाळा काही मिळाली नाही, मिळाली भिंत. म्हणजे व्हरांड्याच्या लांब भिंतीवर विज्ञानाच्या आकृत्या रंगवून द्यायच्या असं ठरलं. खर्च कुंडलिकदादांनी उचलला. गावातलं जुनं जमीनदार घर, कांदे साठवायची मोठी चाळ, माणूस ताठ पण दिलाचा. त्यांची आई साळुबाई आदल्या वर्षी वारली होती, तिच्या स्मरणार्थ हे काम. पेंटर अर्थात सोमाजी.

जूनमध्ये भिंत रंगली. हृदय, फुफ्फुस, फूल आणि मधोमध ही एवढी मोठी वनस्पतीची पेशी. त्या वेळी विज्ञान शिकवणाऱ्या गणिताच्या गुरुजींनी पुस्तक उघडून सोमाजीपुढे धरलं होतं. पुढच्याच महिन्यात गुरुजींची बदली झाली. पण जाण्याआधी ते पोरांना बजावून गेले, “पेशीची आकृती आली की भिंतीवर आहे तशीच्या तशी काढायची. एक रेघ इकडेतिकडे नको.”

पोरं गुणी. त्यांनी ऐकलं.

गुरुजींच्या जागी स्नेहा मॅडम आल्या. शिक्षणसेविका, नवी नोकरी, वय तेवीस-चोवीस. संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्या मलाही अर्धा तास शिकवायच्या, काही न घेता. ऑक्टोबरमध्ये त्यांनी सहामाहीच्या पेपरात पेशी घातली आणि तोच पेपर मलाही सोडवायला दिला.

पेपर हातात आला तेव्हा माझ्या आकृतीचे तीन मार्क कापलेले. माझं डोकं फिरलं. मी सरळ स्टाफरूममध्ये घुसलो.

“मॅडम, भित्तिका आहे, केंद्रक आहे, पेशीद्रव्य आहे. मार्क कशाचे कापले?”

“रिक्तिका कुठंय, प्रबुद्धदादा?”

“भिंतीवर न्हाई ती.”

“भिंतीवर तिच्या जागी साळुबाई आहेत,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना.

त्यांनी मला व्हरांड्यात नेलं. चार महिने मी ज्या भिंतीसमोर बसून पाठ करत होतो ती पहिल्यांदा नीट पाहिली. पेशीच्या मधोमध मोठी थोरली मोकळी जागा आणि तिच्यात लाल अक्षरात, पिवळ्या सावलीसकट, ‘कै. साळुबाई यांच्या स्मरणार्थ’. मला ते नाव कोणाचं हे माहीत होतं, म्हणून मी ते गाळलं आणि त्याबरोबर ती जागाही गाळली. पोरांनी मात्र जसंच्या तसं काढलं होतं. मॅडमनी अकरा पेपर दाखवले. अकराही पेशींत साळुबाई. त्यात सगळ्यात सुबक अक्षर कुंडलिकदादांच्या नातीचं, अक्षदाचं. तिने पिवळी सावलीसुद्धा दिली होती.

“आता पेशी काय असते ते पुन्हा पहिल्यापासून सांगते,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही, मी, तो लिंबाचा पाला, हा कांदा, सगळे पेशींचे बनलेले. घर जसं खोल्यांचं. एकेक पेशी जिवंत असते. खाते, वाढते, एकीच्या दोन होतात. केंद्रक तिचा कारभार बघतं. भोवती पातळ पडदा असतो, आत काय घ्यायचं आणि बाहेर काय सोडायचं हे त्याच्या हातात. झाडाच्या पेशीला पडद्याबाहेर आणखी एक कडक भिंत असते. आणि मधली ही मोठी जागा म्हणजे रिक्तिका. ती भरलेली असली की झाड ताठ, सुकली की मेथीची जुडी मान टाकते.”

मला ते समजलं, पण राग उतरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीने आळेफाटा गाठला.

सोमाजी एका ट्रकच्या मागच्या फाळक्यावर मोर काढत होता. समोरच्या हॉटेलात चार ड्रायव्हर चहा पीत होते. त्यांच्यासमोर मी त्याला जे बोललो ते आता लिहवत नाही. अडाणी म्हणालो, पोरांचं वाटोळं केलंस म्हणालो. तो मोराचा डोळा पुरा करेपर्यंत वळलाच नाही. मग ब्रश रॉकेलमध्ये बुडवला.

“किती पोरं?”

“अकरा.”

“आन् तुमी?”

मी ट्रकच्या चाकाकडे बघू लागलो.

“म्हंजे बारा,” तो म्हणाला. हॉटेलातला एक ड्रायव्हर हसला. सोमाजी नाही हसला. “चुकलं, पुढारी. पेशी मी बघितलीच नव्हती. चित्रावरनं चित्र काढलं. बिबट्यासाठी दोन एस्ट्या बदलल्या, अन् पोरांच्या भिंतीसाठी आळस केला. दाखवा मला पेशी. बघतो, मग पुसतो, मग काढतो. मजुरी न्हाई घेणार.”

मी भांडण घेऊन गेलो होतो. समोरचा ‘चुकलं’ म्हणाला की ते भांडण कुठे ठेवायचं हे मला तोवर कोणी शिकवलं नव्हतं.

पण पुसायचं म्हणजे कुंडलिकदादांना विचारायला हवं. आम्ही दोघं त्यांच्या चाळीवर गेलो. दादांनी ऐकून घेतलं. नातीच्या पेपराचं त्यांना आधीच कळलं होतं आणि गावात त्यावर विनोद सुरू झाले होते, त्यामुळे ते दुखावलेले होते.

“आईचं नाव पुसायचं न्हाई,” ते म्हणाले. “एवढी मोकळी जागा व्हती म्हणून तिथं टाकलं. कुणाच्या पोटावर पाय आला? लईच अडचण असंल तर सगळी भिंत चुन्यानं पांढरी करा. रंग माझा व्हता.”

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. सोमाजीने माझं कोपर घट्ट धरलं.

“दादा, भिंत तुमची, शब्द तुमचा,” तो म्हणाला. “फकस्त पुसायच्या आधी मला एकदा खरी पेशी बघायचीय. कांद्यात दिसती म्हंत्यात. तुमच्या चाळीतला कांदा द्या, आन् तुमीबी या बघायला.”

दादांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी स्वतः उठून ढिगातून चार कांदे निवडून दिले. गडद लाल, मुठीएवढे.

बाहेर आल्यावर मी सोमाजीला झापलं, “पोरांची परीक्षा मार्चमध्ये, आणि तू दादांना भिंत पुसायचा परवाना देऊन आलास?”

“पुढारी, तुमी माणसाला कोपऱ्यात दाबता. कोपऱ्यात गेल्यावर मांजरबी फिस्कारतं.”

आता प्रश्न सूक्ष्मदर्शकाचा. शाळेत एक होता. लाकडी पेटीत, पेटी कपाटात, कपाटाची किल्ली हेडमास्तरांच्या कमरेला. काच फुटली तर जबाबदार कोण, म्हणून आठ वर्षांत पेटी उघडली नव्हती. मी तीन अर्ज दिले होते. तिन्हींवर ‘विचाराधीन’ असा शेरा होता.

सोमाजी सकाळी डबा-ब्रश घेऊन हेडमास्तरांकडे गेला. मी सोबत होतो, तोंड बंद ठेवायच्या अटीवर.

“सर, तपासणी जवळ आलीय म्हनं. डेडस्टॉकच्या वस्तूंवर नंबर हायेत का?”

हेडमास्तर दचकले. टेबलं, खुर्च्या, घंटा, शाळेच्या यादीतल्या सगळ्या वस्तूंवरचे नंबर पुसट झाले होते.

“फुकट टाकून देतो. शाळेचं काम हाय.”

दुपारपर्यंत त्याने चाळीस खुर्च्यांवर नंबर टाकले. मग कपाट उघडलं. “पेटीवर टाकू का यंत्रावर?” “दोन्हींवर टाका,” हेडमास्तर म्हणाले आणि आठ वर्षांत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला वारा लागला. सोमाजीने पायथ्यावर इवलासा पांढरा नंबर टाकला आणि म्हणाला, “रंग ओला हाय, सर. आता दोन तास पेटीत घालू नका. तवर मॅडमचं काम होईल.”

हेडमास्तरांना डाव कळला. पण चाळीस खुर्च्या समोर उभ्या होत्या. ते शेजारी खुर्ची टाकून बसले आणि शेवटी त्यांनीही यंत्राला डोळा लावला.

तोवर कुंडलिकदादाही येऊन पोचले. मॅडमनी त्यांच्या चाळीतला कांदा चिरला. पाकळीच्या आतल्या बाजूचा पांढरा पातळ पापुद्रा चिमट्याने ओढून काढला, काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात पसरला आणि प्रथमोपचाराच्या पेटीतल्या आयोडीनचा एक थेंब सोडला. वर पातळ काच ठेवली.

सोमाजीने उजवा डोळा लावला. “हे यंत्र माझ्यासाठीच केलंय. एकाच डोळ्याचं.” मग म्हणाला, “वाफे हायेत, राव. कांद्याचे वाफे, एकाला एक लागून, मधी बांध.”

“बांध म्हणजे पेशीभित्तिका,” मॅडम म्हणाल्या. “आत पिवळसर ठिपका दिसतो का?”

“दिसतो. बांधाला चिकटून बसलाय. मी तर बांधापासनं सुटा काढलावता.”

“तेच केंद्रक. मधली जागा रिक्तिकेनं घेतली की ते कडेला सरकतं.”

“आन् ती हिरवी बी? पुस्तकात व्हती, मी धा-बारा काढलीत. इथं एक न्हाई.”

“ती हरितलवकं. सूर्यप्रकाशात अन्न करतात. पातीत सापडतील, जमिनीतल्या कांद्यात नाही.”

मग मी पाहिलं, मग कुंडलिकदादांनी. दादा मान वर करून म्हणाले, “बघा, मधी रिकामंच हाय. मी काय म्हंत व्हतो? एवढ्या जागेत आईचं नाव राह्यलं तर काय बिघाडलं?”

मॅडम काही सांगणार होत्या, पण इकडे सोमाजी पाकळीची लाल बाजू उजेडात धरून बघत होता. त्याचा ब्रशवाला मेंदू दुसरीकडेच चालला होता.

“मॅडम, ही लाल बाजू लावा की. कांद्यात रंग भरलाय कुणीतरी. कुठं भरलाय ते बघू.”

मॅडम थांबल्या. “लाल बाजू मी कधी लावली नाही. कॉलेजातही आतलाच पापुद्रा घ्यायचो.”

“मग दोघंबी पैल्यांदाच बघू.”

दोन पापुद्रे फाटले, तिसरा जमला. आयोडीन घातलं नाही. आधी मॅडमनी पाहिलं आणि त्या बाजूला झाल्या. सोमाजीने डोळा लावला.

“दादा,” तो म्हणाला, “या इकडं.”

कुंडलिकदादा वाकले. मागाहून मीही पाहिलं म्हणून सांगतो. एकेक वाफा जांभळट गुलाबी रंगाने काठोकाठ भरलेला. बांधाला रंग नाही. रंग होता तो त्याच जागेत, जिला आम्ही सगळे रिकामी म्हणत होतो. काही वाफे बिनरंगाचे होते, बाकीचे तुडुंब. मॅडमनी कडेने मीठ-पाण्याचा थेंब सोडला, तसा तो रंग आक्रसून गोळा झाला आणि बांधापासून सुटला. सुटलेली कड म्हणजेच तो पातळ पडदा, आत-बाहेर ठरवणारा. मग साधं पाणी सोडलं. हळूहळू रंग फुगून परत बांधाला टेकला. मेथीच्या जुडीवर पाणी मारल्यावर ती मान का उचलते हे मला त्या मिनिटाला समजलं, आणि पुन्हा कधी विसरलो नाही.

दादा वाकलेलेच होते.

“ह्यो रंग,” ते म्हणाले, “आईचा हाय.”

मग तेच सांगू लागले. “आमचं बी घरचं. बाजारचं कधी आणलं न्हाई. दर साली चाळ फोडली की आई ढिगावर बसायची आन् बियाण्याचे कांदे येगळे काढायची. रंग बघून. फिका कांदा हातात आला की फेकायची. चाळीस वर्सं. मला म्हनायची, बारकं असू दे, पन रंगाला मार न्हाई पायजे.”

सोमाजीने ब्रश पुसत विचारलं, “मग काय करू, दादा? नाव ठिवू, का रंग भरू?”

दादांनी पुन्हा एकदा डोळा लावला. “रंग भर,” ते म्हणाले. “नाव खाली टाक, पायाशी. बारीक.”

पुढच्या रविवारी सोमाजी आला. जुनी पेशी पुसली. नवी काढताना त्याने हिरवी बी काढलीच नाहीत आणि वर लिहिलं, ‘कांद्याच्या लाल पापुद्र्यातील पेशी’. मॅडम म्हणाल्या, पुस्तकात सगळ्या वनस्पतींची मिळून एक आकृती असते, तीही पोरांना यायला हवी. तेव्हा शेजारी पानाची पेशी वेगळी काढली, हिरव्या लवकांची, केंद्रक कडेला सारलेलं. त्यासाठी पेटी दुसऱ्यांदा उघडायला हेडमास्तरांनी स्वतः किल्ली दिली.

रिक्तिकेचा रंग जुळेना. सोमाजी भिंतीला कांद्याची पाकळी लावून बघायचा, मान हलवायचा, पुन्हा कालवायचा. तिसऱ्यांदा जमला. त्या जागेत एक अक्षर टाकलं नाही. नावाची रेघ कडेने बाहेर काढून ‘रिक्तिका’ लिहिलं. आणि सगळ्यात खाली, अंगठ्याएवढ्या अक्षरात, ‘कै. साळुबाई यांच्या स्मरणार्थ’. त्याच्याखाली आणखी एक ओळ, ‘आधीची आकृती चुकली होती. चूक पेंटरची. दुरुस्ती सोमाजी, आळेफाटा’.

हेडमास्तर म्हणाले, “अहो, चूक कशाला लिहिता? शाळेची शोभा जाते.”

“अकरा पोरांनी पेपरात माझी चूक लिवली, सर. त्यांना नगं का कळाय कुणाची ते?” मग माझ्याकडे बघून, “बारा.”

मी रागावलो नाही. मला वाटतं ती पहिलीच वेळ.

मार्चमध्ये परीक्षा दिली. विज्ञानात काठावर पास झालो. काठावरच्या माणसाला आपला एकेक मार्क कुठून आला ते ठाऊक असतं. माझे काही मार्क आळेफाट्याच्या टपरीतून आले, काही कुंडलिकदादांच्या चाळीतून आणि बाकीचे एका पोरसवदा मास्तरणीच्या अर्ध्या तासातून, ज्याचे पैसे तिने कधी मागितले नाहीत. पेढे घेऊन सोमाजीकडे गेलो. त्याने मार्कशीट उजव्या डोळ्याजवळ धरली आणि बराच वेळ बघत राहिला.

“काय बघतोस?”

“तुमचं नाव बरोबर लिवलंय का ते. बाकी नंतर.”

पुढे स्टिकर आले आणि ट्रकवाल्यांनी ब्रश सोडला. सोमाजी आता विहिरींचे नंबर, दुकानांच्या पाट्या, असलं बारीकसारीक काम करतो. २००८ मध्ये शाळेची नवी इमारत झाली. व्हरांडा पाडायचं ठरत होतं. ग्रामसभेत ती भिंत पाडू न देणारा माणूस मी नव्हतो, मी बोलायला उठेपर्यंत कुंडलिकदादा उठले होते. भिंत तशीच आहे.

दर जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, दुधाच्या गाडीबरोबर दादांच्या चाळीतला एक कांदा आळेफाट्याला जातो. चिठ्ठी नसते. सोमाजीला कळतं की रंग उडालाय. तो येतो, पाकळी भिंतीला लावतो, रंग कालवतो. कांद्याचा रंग दर साली थोडा वेगळा असतो, म्हणून आमच्या शाळेतल्या रिक्तिकेचाही. बियाण्याचे कांदे आता दादांची सून निवडते. मागच्या वर्षी रंग जरा फिका वाटला, तर त्याने व्हरांड्यातूनच हाक मारली, “दादा, सून रंगाकडं ध्यान देत न्हाई वाटतं.”

दादांनी दुसऱ्या दिवशी दुसरा कांदा पाठवला.